विकता न येणारे घर

घर विकायला काढले की पहिल्यांदा भिंतींची पाळी येते. शहरात राहिलेल्या कुणालाही हे दृश्य अपरिचित नाही. खिळे उपटले जातात, त्यांची भोके लांबी भरून बुजवली जातात. देव्हाऱ्यामागचा काजळीचा डाग खरवडला जातो. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा, आणि त्या रेघांपुढे लिहिलेली साले, नव्या रंगाखाली जातात. तसबिरी उतरवून खोक्यात भरल्या जातात. मग फिकट रंगाचे दोन हात. येणाऱ्या गिऱ्हाइकाला असे वाटले पाहिजे, की ह्या घरात आजवर कुणी राहिलेच नाही. ते त्याच्यासाठीच रिकामे उभे होते. विक्रीची तयारी म्हणजे एका अर्थाने घराची स्मृती पुसण्याची तयारी. भिंत कोरी झाल्याशिवाय घराची वस्तू होत नाही.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांत घराच्या विक्रीचा इतिहास शोधू गेले, तर हे चित्र उलटे झालेले आढळते. येथल्या वारली घरात भिंत तयार केली जाते ती लग्नासाठी, आणि ती तयार करायची ती तिच्यावर चित्र काढता यावे म्हणून. विक्रीचे म्हणावे, तर ह्या घराच्या मालकाला 'विकणे' ह्या क्रियापदाचा कर्ता होण्याची संधी गेल्या शंभर वर्षांत फारशी मिळालेली नाही. आधी ते घर ज्या जमिनीवर उभे होते ती त्याची नव्हती म्हणून; पुढे जमीन त्याची झाली तेव्हा ती सहजी विकण्यास कायद्याची मनाई आली म्हणून. दरम्यान त्याच घराची भिंत मात्र कागदावर आणि कापडावर उतरून मुंबई, दिल्ली, पॅरिसपर्यंत गेली. घर विकता येत नाही आणि भिंत विकली जाते, ह्या विसंगतीचा इतिहास येथे थोडक्यात मांडायचा आहे.

१

पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, मध्ये रेल्वे, आणि पूर्वेला चढत जाणारा डोंगराळ, जंगलाचा मुलूख, असा डहाणू तालुका. त्याच्या उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला टेकलेला तलासरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. दोन्हींचा समावेश अनुसूचित क्षेत्रात आहे. वस्ती मुख्यतः वारल्यांची. शिवाय कोकणा, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी.

जुन्या पद्धतीचे वारली घर कुडाचे असते. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या, आणि त्या कुडाला आतून-बाहेरून शेणमाती लिंपायची. वर गवताने शाकारलेले किंवा कौलारू छप्पर. खिडक्या नसल्यासारख्याच, आत काळोख आणि गारवा. हे घर वापरण्याचा एक नियम असा, की ते सतत करत राहावे लागते. पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे निघतात, पुन्हा लिंपावे लागते. जमीन सारवावी लागते. गवत दर काही वर्षांनी बदलावे लागते. विटांच्या घरासारखे ते एकदा बांधून संपत नाही. म्हणूनच त्याच्या भिंतीवर काढलेले काहीही टिकावे अशी अपेक्षा नसते. पुढच्या सारवणाबरोबर ते जाणारच असते.

ह्या भिंतीवरचे सर्वांत महत्त्वाचे चित्र म्हणजे लग्नचौक. लग्नघरात आतल्या भिंतीचा एक भाग शेणाने सारवून त्यावर गेरूचा किंवा तांबड्या मातीचा हात दिला जातो. तांदूळ वाटून त्याचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाशी चावून मऊ करायची, की रंग आणि कुंचला झाला. चित्र काढण्याचा मान सवाशिणींचा. चौकाच्या नक्षीदार किनारी आधी भरतात. आत पालघट ही सुफलतेची, झाडापेडांची देवी येते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर आरूढ झालेला पाचशिऱ्या. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन विधी चालवणारी स्त्री. भगताच्या अंगात येऊन देवांची साक्ष लागते. चौक नसेल तर लग्न नाही. म्हणजे घराची तयारी हा येथे लग्नापूर्वीचा सोपस्कार नसून लग्नाचाच भाग आहे. दोन माणसांच्या आधी भिंतीचे लग्न लागते असे म्हटले तरी चालेल.

आपल्या शहरी अनुभवाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. आपण भिंत कोरी करतो, कारण घरातून बाहेर पडायचे असते. वारली स्त्री भिंत कोरी करते, कारण घरात कुणीतरी यायचे असते. दोन्ही ठिकाणी हात भिंतीवरून सारखाच फिरतो, उद्देश परस्परविरुद्ध.

२

परंतु ही हकिगत इथेच थांबवली तर ती एखाद्या कलाप्रदर्शनाच्या माहितीपत्रकासारखी गोड होईल. लग्नचौकाला एक हिशेबाची बाजू होती, आणि ती काळी होती.

लग्नाला खर्च येतो. मांडव, भात, ताडी-दारू, वाजंत्री, वधूमूल्य. हा पैसा वारल्याजवळ नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डहाणू आणि जुन्या उंबरगाव तालुक्यातल्या जमिनी मोठ्या प्रमाणात बिगर-आदिवासी जमीनदार व सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या, आणि ज्या जमिनीवर वारल्यांच्या बापजाद्यांनी नांगर धरला होता तिच्यावर ते मर्जीतले कूळ किंवा मजूर बनले होते. लग्नासाठी कर्ज काढायचे ते ह्याच जमीनदाराकडून, आणि फेडायचे ते अंगमेहनतीने. अशा माणसाला नाव होते: लग्नगडी. तो स्वतः राबे, त्याच्याबरोबर ज्या स्त्रीसाठी त्याने कर्ज काढले तीही राबे, आणि मालकाच्या वहीतला आकडा बहुधा कमी होत नसे. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेले डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात ह्या वेठबिगारीची सरकारदरबारी नोंद केली. वाचकांना ती अधिक परिचित आहे ती गोदावरी परुळेकर ह्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० च्या पुस्तकामुळे. ह्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मराठी आत्मकथनपर गद्याच्या अभ्यासक्रमांतून ते आजही शिकवले जाते.

ह्या संदर्भात चौकाकडे पुन्हा पाहिले, की त्याचा अर्थ बदलतो. ज्या दिवशी भिंत गेरूने तांबडी होई आणि तिच्यावर पालघट येई, त्याच दिवशी घरातला तरुण विकला गेलेला असे. घर विकण्याची मुभा त्याला नव्हती, कारण घराखालची जमीन मालकाची. विकण्याजोगे त्याच्याजवळ एकच होते, ते म्हणजे स्वतःचे उरलेले आयुष्य. अनेक वारली जोडपी वर्षानुवर्षे लग्नाशिवाय एकत्र राहत, आणि पुढे कधीतरी, प्रसंगी मुलेबाळे झाल्यावरही, लग्न लावून घेत, ह्याचा अर्थ नीतीच्या चौकटीत लावणाऱ्या बाहेरच्या निरीक्षकांनी ह्या हिशेबाकडे फारसे पाहिलेले नाही. चौक लांबणीवर टाकणे म्हणजे विक्री लांबणीवर टाकणे होते.

आणि घर? जमीनदाराच्या जमिनीवरच्या झोपडीला कसला आधार? मालक रुष्ट झाला तर तेथून उठावे लागे. 'घर फिरले की घराचे वासे फिरतात' ही म्हण आपण आप्तांच्या वागणुकीविषयी वापरतो. वारल्याच्या घराचे वासे मालकाची नजर फिरली की फिरत. कुडाचे घर उकलता येते, मेढी उपटून दुसरीकडे रोवता येतात, ही त्याची सोय होती. पण ही सोय आणि ही असहायता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. ज्याला केव्हाही उठावे लागेल, तो दगडी जोते कशाला घालील?

३

२३ मे १९४५ रोजी झरी ह्या गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने किसान सभेने भरवलेल्या ह्या परिषदेला हजारो वारली आले. जमीनदाराच्या खासगी शेतावर फुकट राबायचे नाही, वेठ करायची नाही, हा तेथला निर्णय. त्यानंतर थोड्याच दिवसांत वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडीत निघाली. एका पिढीपूर्वी जे अशक्य वाटत होते, ते एका पावसाळ्याच्या तोंडाशी झाले.

त्याच वर्षीच्या शरदात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. मुंबईच्या गोठ्यांना लागणारे गवत ह्या भागातून जात असे. जे गवत वारल्याच्या छपरावर पडते, तेच कापून तो दुसऱ्याच्या गंजीवर रचत होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी जेठ्या गांगड ह्यांचे नाव ह्या चळवळीच्या इतिहासात हुतात्म्याचे म्हणून कायम झाले.

लढ्यानंतर कायदे आले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात एक तरतूद आहे, जिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष जाण्याचे कारण नाही, पण आपल्या विषयात ती मध्यवर्ती आहे. कुळाने जमीनमालकाच्या जागेवर राहते घर बांधले असेल, तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येणार नाही; आणि मालकाला ती जागा विकावयाची झाल्यास त्याने आधी त्या कुळाला विचारले पाहिजे. घराच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात वारल्याचे नाव ग्राहक म्हणून, तेही पहिल्या हक्काचा ग्राहक म्हणून, येण्याची शक्यता ह्या कायद्याने निर्माण केली. स्वतःचे घर स्वतः विकत घेण्याचा हा हक्क! १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला, आणि कुळे कसत असलेल्या जमिनींची मालक मानली गेली.

मात्र ज्याचे नाव सातबाऱ्यावर लागते, त्याची सहीही लागते. आणि सही येत नसेल तर अंगठा. पुढल्या दीड दशकात आदिवासींच्या जमिनी कायदेशीर खरेदीखतांनी पुन्हा बाहेर जाऊ लागल्या. ह्याची दखल घेऊन १९७४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम ३६-अ घालण्यात आले: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून जाऊ शकत नाही, आणि पाच वर्षांपर्यंतचा पट्टा वा गहाण सोडल्यास ह्या मंजुरीला शासनाचीही पूर्वसंमती लागते. दुसरी म्हणजे जमिनी परत करण्याचा अधिनियम. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी काही अटींवर मूळ धारकाला परत मिळाव्यात, अशी त्याची योजना. खरेदीखत झाले म्हणजे विक्री झाली, हे आपले गृहीतक. ह्या अधिनियमाने सतरा वर्षांच्या विक्रीवर मागे जाऊन प्रश्नचिन्ह लावले. विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नव्हते, तर त्याच्या 'हो'ला विक्री म्हणावे काय, हा तो प्रश्न. करारनाम्याच्या कायद्यापेक्षा तो कादंबरीकाराला अधिक जवळचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हाच विचार पुढे नेला. जंगलजमिनीवरचा हक्क मान्य होतो, तो वारसांकडे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित असल्यास हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा असतो. एकेकाळी लग्नाच्या कर्जात दोघेही बांधली जात होती. ह्या कागदावर दोघांची नावे मालक म्हणून येतात. चौकापुढे दोघे उभी राहतात, तशी.

४

घर असे विक्रीच्या बाहेर ठेवले जात असतानाच घराची भिंत विक्रीला निघाली. ही गोष्ट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची.

भास्कर कुलकर्णी हे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले चित्रकार. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर ह्यांच्या सांगण्यावरून ते मिथिलेत गेले होते. तेथल्या स्त्रिया कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंतीवर जी चित्रे काढीत ती कागदावर काढून विकली तर घरात चार पैसे येतील, ही त्यामागची योजना. मधुबनी चित्रकलेचा बाजारातला इतिहास तेथून सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांनी कुलकर्णी डहाणूच्या परिसरात आले, आणि त्यांनी वारल्यांपुढेही कागद ठेवला. साम्य लक्षात घेण्याजोगे आहे: मिथिला आणि डहाणू ह्या एकमेकांपासून दूर असलेल्या दोन मुलखांत बाजाराने जी भिंत उचलली, ती दोन्हीकडे लग्नाचीच होती.

पण डहाणूत एक फरक पडला. चौक काढणाऱ्या सवाशिणी विधी सोडून चित्र काढायला सहजी पुढे आल्या नाहीत. पुढे आले ते गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि ते मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. त्यांच्या चित्रांतून देवचौकाची चौकट गळून पडली, आणि तिच्या भोवती जे दाटीने वावरत होते ते, म्हणजे शेत, जाळे, मुंग्यांची वारुळे, तारप्याभोवती फिरणारा नाच, सगळ्या पृष्ठभागावर पसरले. १९७५ मध्ये मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील 'पृथ्वीवरचे जादूगार' ह्या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते वारले.

विक्रीच्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील चित्रांत नाही, चित्रांखाली आहे. वारली चित्र विकण्यासाठी करताना कागद किंवा कापड तसेच वापरत नाहीत. कापडावर आधी शेणाचा किंवा गेरूचा हात देतात, ते वाळवतात, आणि मग पांढऱ्या रंगाने काम सुरू होते. तांदळाच्या पिठाच्या जागी टिकाऊ रंग आला, बांबूच्या काडीच्या जागी कधी कुंचला आला, पण सारवण राहिले. म्हणजे गिऱ्हाइकाला जे विकले जाते ते नुसते चित्र नसते. वारल्याच्या घराच्या भिंतीचा एक तुकडा, गुंडाळून नेता येईल असा, नवा तयार करून त्याला दिला जातो. घर विकता येत नाही. पण दर आठवड्याला एक भिंत लिंपून विकता येते. आणि जी भिंत पुढच्या सारवणाला जायची, ती आता काचेमागे कायम राहते.

ह्यात काय गमावले आणि काय कमावले, ह्याचा हिशेब एका रकान्यात मांडता येणार नाही. विधीतले चित्र स्त्रियांचे होते. बाजारातले चित्र, आरंभी तरी, पुरुषांच्या नावे झाले. सही नसलेल्या चित्राला सही आली. पण त्याच वेळी, ज्या घरांतून मजुरीसाठी मीठागरांवर आणि वीटभट्ट्यांवर जावे लागे, त्यांतल्या काहींना घरी बसून काम मिळाले. लग्नचौकासाठी ज्यांच्या आजोबांनी स्वतःला गहाण टाकले, त्यांच्या नातवांना चौकाच्या कलेने पैसे मिळू लागले. ही कमाई क्षुल्लक मानून 'अस्सल' कलेसाठी गळा काढणे आपल्यासारख्या पगारदार रसिकांना शोभणारे नाही. १९८८ मध्ये यशोधरा दालमिया ह्यांचा वारली चित्रसृष्टीवरचा ग्रंथ आला, आणि ह्या चित्रांना कलासमीक्षेत भक्कम जागा मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला; डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. नक्कल करणाऱ्याला अडवायचे तर आधी मालक कोण हे नोंदवावे लागते. ज्या समाजाला शंभर वर्षे जमिनीची मालकी सिद्ध करता करता नाकी नऊ आले, त्याला आपल्या रेघेची मालकीही नोंदवावी लागली.

२०१० च्या दिवाळीत एका शीतपेयाच्या जाहिरातीत वारली आकृत्या वापरल्या गेल्या. संदेश असा, की दिवाळीला घरी या. शहरात पोटासाठी गेलेल्याला घरी बोलावण्यासाठी जाहिरातदाराला ज्या भिंतीची आठवण झाली, ती भिंत तोपर्यंत डहाणूत झपाट्याने नाहीशी होत होती.

५

ती नाहीशी होण्याचे कारण साधे आणि रास्त आहे. कुणालाही पक्के घर हवे असते. १९८० च्या दशकात इंदिरा आवास योजना आली, २०१६ पासून ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना. घरकुलाच्या भिंती विटा-सिमेंटच्या. त्यांना दर वर्षी लिंपावे लागत नाही, आणि त्यांवर काढलेले चित्र पुढच्या सारवणाला जात नाही. लग्नचौक आता अशाही भिंतीवर निघतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले, ते पुढे कित्येक महिने बसत राहिले. घरांच्या भिंतींना तडे गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपत होते. पक्क्या घराची जी एकमेव हमी, ते पडणार नाही ही, तीच डळमळली. कारवीचा कूड हलला तर हलतो. विटेची भिंत हलली की माणूस बाहेर पळतो.

आणि ह्याच काळात ह्या घरांना एक ग्राहक मिळाला. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, शिलान्यास १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाला. ५०८ किलोमीटरचा हा मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गही ह्याच पट्ट्यातून. पालघर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी बुलेट ट्रेनला विरोधाचे ठराव केले, मोजणी अडवली गेली, मोर्चे निघाले. पुढे वाटाघाटी झाल्या, काहींनी संमती दिली, काहींनी दर वाढवून घेतला. आणि जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाचे भूसंपादन पूर्ण झाल्याचे रेल्वेने जाहीर केले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. १९९१ मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून ज्या तालुक्यातल्या उद्योगांना मर्यादा घातल्या, आणि ज्याच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, तोच हा तालुका.

संपादनासाठीही घराची तयारी करावी लागते. मात्र ती घरमालक करत नाही. मोजणी होते, पंचनामा होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार घराचे मूल्य काढण्यासाठी अभियंत्याचे, झाडांचे मूल्य काढण्यासाठी त्या विषयातल्या जाणकाराचे साहाय्य घेता येते. भिंत किती लांब, छप्पर कशाचे, आंबे किती, ताड किती. शहरातला विक्रेता घर सजवून किंमत वाढवू पाहतो. येथे घर जसे आहे तसे कागदावर उतरते. हिरवा, हिमाय, नारनदेव ह्या घरातल्या देवांना त्या तक्त्यात रकाना नाही, आणि असता तरी त्यात काय भरायचे? मूल्याच्या बेरजेवर कायदा आणखी एक रक्कम देतो, तिला 'दिलासा रक्कम' म्हणतात. इंग्रजी कायद्यातला मूळ शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा अर्थ सांत्वन असाच आहे. १८९४ च्या कायद्यात सांत्वन शेकडा १५ होते. १९८४ मध्ये ते ३० झाले. २०१३ मध्ये १००. म्हणजे आता घराची जेवढी किंमत, तेवढेच दुःख, असे राज्याने मान्य केले आहे. औदार्य कमी नाही. पण कारवीच्या घराची किंमत कमी, म्हणून त्याचे दुःखही कमी, हा निष्कर्ष त्याच सूत्रातून निघतो.

६

येथे आपण मूळ विसंगतीपाशी परत येतो. १९७४ च्या कायद्यामागे अनुभव होता: ज्याला 'नाही' म्हणण्याची ताकद नाही, त्याच्या हातात विकण्याचा हक्क देणे म्हणजे त्याचे घर काढून घेण्याची वाट मोकळी करणे. हा अनुभव खोटा ठरलेला नाही. वीकान्ताच्या घरांसाठी मुंबईकर बोर्डीकडे कशा नजरेने पाहतो हे ज्याला ठाऊक आहे, तो ही तरतूद उठवा असे सहजी म्हणणार नाही. उलट बाजूचेही ऐकले पाहिजे. बिगर-आदिवासीला सहज विकता येत नाही ती जमीन तारण म्हणूनही पडते. मुलाला शिकवायचे, आजारपण निभवायचे, तर शेजारच्या बिगर-आदिवासी मालकापाशी जो मार्ग आहे तो आदिवासी मालकापाशी नसतो. विकता न येणे हे संरक्षणही आहे आणि कुंपणही. त्या कुंपणातून एकच मोठा ग्राहक आत येऊ शकतो, आणि तो म्हणजे ज्याने कुंपण घातले तो. मालकाला विकता येत नाही, शासनाला घेता येते.

म्हणून मला वाटते, डहाणू-तलासरीच्या ह्या इतिहासातला कळीचा प्रश्न विकण्याच्या हक्काचा नाही. 'नाही' म्हणण्याच्या हक्काचा आहे. झरीच्या परिषदेत वारल्यांनी जे पहिल्यांदा एकत्र उच्चारले, ते 'नाही' होते: वेठ करणार नाही. कुळकायद्याने त्यांना घरातून उठायला नकार देता आला. १९७४ च्या अधिनियमाने त्यांच्या वतीने सतरा वर्षांच्या खरेदीखतांना नकार दिला. सवाशिणी चौक कागदावर काढायला पुढे आल्या नाहीत, तोही एक नकारच होता, आणि त्यामुळेच कदाचित विधीतला चौक बाजारातल्या चित्रापासून आजवर वेगळा राहिला. ग्रामसभेच्या ठरावांत पुन्हा तोच शब्द आला. त्याचे काय झाले ते आपण पाहिलेच. घर माझे आहे ह्याची खरी खूण ते विकता येण्यात नाही. कुणी दाराशी आकडा घेऊन आला असता त्याला परत पाठवता येते की नाही, ह्यात ती आहे.

साहित्य शिकवणाऱ्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' वर्गात वाचताना मुलांना हे विचारून पाहावे: ह्या पुस्तकातल्या माणसाजवळ विकण्यासारखे काय होते? यादी लवकर संपते. मग विचारावे, न विकण्यासारखे काय होते? तेव्हा कुणीतरी भिंतीकडे बोट दाखवील, गेरूच्या ताज्या हाताकडे, आणि त्यावर पहिली रेघ ओढण्यासाठी काडी चावीत बसलेल्या बाईकडे. ती भिंत उद्या सारवणात जाईल, हे तिला ठाऊक असते. तरीही ती किनार सरळ काढते.